कायमच्या खणात बदली माणूस

गेल्या महिन्यात एका मंगळवारी आमच्या रत्नसिंधू सोसायटीतल्या अठ्ठेचाळीस घरांपैकी एकाही घरात दात घासायला पाणी नव्हतं, आणि तळमजल्यावरच्या पडद्यावर 'आजचे वॉचमन : लिफ्ट बंद आहे' अशी अक्षरं झळकत होती. दोन्हीला जबाबदार मी. हे मी इथे बिनदिक्कत कबूल करतो, कारण सोसायटीच्या सभेत एकदा केलेलंच आहे आणि आता चारचौघांत लाजण्यासारखं माझ्याकडे फारसं काही उरलेलं नाही.

पण 'धुरीकाकांनी टाइमपास म्हणून कॉम्प्युटर आणला आणि बिल्डिंगची वाट लावली' असं जे बी विंगमध्ये बोललं जातं, ते साफ खोटं आहे. टाइमपास नव्हता. ठराव होता. ठरावाला सूचक होता, अनुमोदक होता आणि त्याखाली सह्या होत्या.

आमच्याकडे घाटकोपरला पालिकेचं पाणी सकाळी सहा वीसला येतं आणि साडेसातला जातं. तेवढ्यात वॉचमनने तीन टाक्यांचे व्हॉल्व पाळीपाळीने उघडायचे. अंबादास हे काम एकोणीस वर्षं करतोय. त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नाही. तक्रार आहे ती ए विंगची बी विंगबद्दल आणि बी विंगची ए विंगबद्दल. प्रत्येकाला वाटतं, समोरच्याच्या टाकीत पाच मिनिटं जास्त पडतात. म्हणून सर्वसाधारण सभेत ठरलं, की व्हॉल्वना मोटर बसवायची, वॉचमनने फक्त यंत्रावर अंगठा ठेवायचा, पुढचं मोजमाप यंत्राने करायचं. कंपनीचा माणूस आला, त्याने खर्चाचा आकडा सांगितला आणि सभा एकदम गप्प झाली. त्या शांततेत माझा हात वर गेला.

आता, मी काही हौशी माणूस नव्हे. मरोळच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं कॉम्प्युटर विभागात काढली आहेत. चारशे माणसांची हजेरी माझ्या प्रोग्रॅममधून जायची. निवृत्त झाल्यावर माझ्या घरात मला फक्त टीव्हीचा रिमोट सापडत नसला की हाक मारतात, हा भाग वेगळा.

"जुन्या पद्धतीने नका लिहू हं बाबा," आमची अपूर्वा म्हणाली. ती अंधेरीच्या एका ऑफिसात प्रोग्रॅमर आहे. "आम्ही रस्ट वापरतो. झकास भाषा आहे. तिच्यात चुका करूच देत नाहीत."

"मग ह्यांना कशी चालेल ती?" सुगंधा आतून म्हणाली. सुगंधा म्हणजे माझी पत्नी. तिला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, पण माझ्यातलं सगळं कळतं.

रस्ट म्हणजे गंज. हे नाव मी कमिटीला मुद्दामच सांगितलं नाही, आमच्या पाइपांची अवस्था पाहता गैरसमज झाला असता. तीन महिने मी ती भाषा शिकलो. चष्म्याचा नंबर वाढला. सेक्रेटरी हर्षदभाई गाला यांनी 'संगणकीय व्हॉल्व उपसमिती' स्थापन केली, तिचा अध्यक्ष मी, सचिव मी आणि सदस्यही मीच. उपसमितीच्या बैठकीचं इतिवृत्त मात्र दर शनिवारी लेखी द्यावं लागायचं. एकदा मी ते दिलं नाही, तर हर्षदभाईंनी मला अध्यक्ष म्हणून पत्र पाठवलं, की सचिवांना समज द्यावी.

भाषेबद्दल थोडं सांगतो. घाबरू नका, मीही घाबरलो नव्हतो, तीच चूक झाली. या भाषेत एक पेटी करता येते. पेटीत कोण बसलंय हे विचारायचं नाही. त्याला व्हॉल्व उघडता येतो ना, एवढंच बघायचं. अंबादास असो, मी असो, हर्षदभाई असोत; 'उघड' म्हटलं की आतला माणूस उघडतो. तिला ते ट्रेट ऑब्जेक्ट म्हणतात. आणि प्रत्येक पेटीवर एक चिठ्ठी असते, की आतला माणूस किती दिवस आहे. अंबादासच्या पेटीवर मी 'कायम' अशी चिठ्ठी लावली. त्यांच्या भाषेत 'स्टॅटिक'. प्रोग्रॅम चालू आहे तोवर अंबादास आहे.

तर, तपासायला एक तपासनीस असतो, त्याला म्हणतात कंपायलर. प्रोग्रॅम चालू व्हायच्या आधी तो ओळ न् ओळ वाचतो आणि चूक दिसली की अडवतो. अडवतो तेसुद्धा बाण काढून, रांगेत टिपा लिहून, वर 'असं करून बघा' अशी सूचना देऊन. इतक्या सौजन्याने मला आजवर कुठल्याही कार्यालयात नकार मिळालेला नाही. मध्ये गच्चीवरची टाकी धुवायची होती, त्या दोन दिवसांच्या कामासाठी मी अंबादासचीच पेटी दिली. काम दोन दिवसांचं, माणूस कायमचा. तपासनीस चकार शब्द बोलला नाही. बरोबरच आहे. जन्मभर असणारा माणूस दोन दिवस चालणारच की.

गुढीपाडव्याला यंत्र सुरू झालं. नारळ फुटला. व्हॉल्वच्या हाताने फिरवायच्या चकत्या मी काढून ठेवायला लावल्या, कुणी मध्येच येऊन ढवळाढवळ करू नये म्हणून. पडद्यावर 'आजचे वॉचमन : अंबादास' आलं, तेव्हा अंबादासने खिशातून मोबाइल काढून त्याचा फोटो घेतला आणि गावी पाठवला. दीड महिना दोन्ही विंगा गुण्यागोविंदाने नांदल्या. म्हणजे भांडणं झाली, पण पार्किंगवरून.

मग अंबादासच्या लेकीचं, सपनाचं लग्न ठरलं. गावी, जालन्याच्या पुढे. अंबादासने पंधरा दिवसांची रजा मागितली आणि बदली म्हणून आपला साडू आणला, मिथुन. चाळिशीचा, अबोल माणूस, भांडुपला एका गोदामावर पहारा करायचा. त्याचे दोन फोटो, आधार कार्डाची प्रत, पोलीस पडताळणीचा अर्ज आणि 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असं अकरा दिवसांचं पत्र तयार झालं. अकराच का, पंधरा का नाही? तर हर्षदभाईंकडे छापील फॉर्ममध्ये जास्तीत जास्त अकरा दिवस होते.

मी म्हटलं, "हर्षदभाई, प्रोग्रॅममध्ये वॉचमनची पेटी ठेवायला एकच खण आहे. बदलीसाठी दुसरा खण करतो."

"धुरीभाई, ठरावात काय लिहिलंय? 'वॉचमन – एक'. दुसरा खण पाहिजे तर जनरल बॉडी बोलवा ना. चौदा दिवस नोटीस, मग कोरम. तुम्हाला काय, मिथुनला अंबादासच्याच खणात बसवा. लग्न तर होऊन जाऊ द्या बिचाऱ्याच्या पोरीचं."

मलाही ते सोपं वाटलं. प्रोग्रॅममध्ये मी एक छोटा तुकडा लिहिला. त्याच्या हाती तात्पुरत्या माणसाचा खण द्यायचा, तो त्यात बदली माणूस बसवणार. मी त्याच्या हाती अंबादासचा खण दिला. तपासनीस ओरडला. म्हणाला, खणावर 'कायम' लिहिलंय, हा बदली माणूस इतके दिवस टिकणार नाही.

आता माझा युक्तिवाद ऐका. कायमचा माणूस तात्पुरत्याच्या जागी चालतो, हे त्यानेच मान्य केलं होतं. मग कायमचा खण तात्पुरत्या खणाच्या जागी का चालू नये? तपासनीस म्हणाला, माणूस नुसता वापरायला दिला असतास तर गोष्ट वेगळी. तू खणात बदल करायचा हक्क देतोयस. हक्क दिलास की चिठ्ठी तंतोतंत जुळली पाहिजे, उणी नाही, अधिकही नाही. याला त्यांनी 'इन्व्हेरियंट' असा शब्द काढलाय. मी शब्दरचना बदलली, तो तेच म्हणाला. खणाचं नाव बदललं, तो तेच म्हणाला. सतरा वेळा. एकतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला कुणी असं सतरा वेळा वर्गात उभं करतं का?

अपूर्वाला विचारता आलं असतं. पण आदल्याच रविवारी तिने माझा कोड वाचून "सो क्यूट!" असं म्हटलं होतं, आणि माणसाला काही अभिमान असतो.

लिफ्टमध्ये बी विंगचा सुयोग भेटला. हा विमा विकतो आणि जगातल्या उरलेल्या सगळ्या विषयांवर सल्ला फुकट देतो. "काका, टेन्शन घेऊ नका यार. एआयला विचारू," म्हणत त्याने माझी तक्रार मोबाइलला खाऊ घातली. तिसऱ्या मजल्यावर उत्तर आलं. एकच ओळ, तिच्याभोवती 'अनसेफ' असं लिहिलेलं कुंपण.

"अनसेफ म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही कंपायलरला सांगायचं, तू जरा तिकडे बघ, जबाबदारी माझी. अंडरटेकिंग, काका! सोसायटीत आपण काय कमी देतो का?"

ते मला पटलं. गॅलरीत ग्रिल बसवताना मी असंच लिहून दिलं होतं. मी ती ओळ घातली आणि तपासनीस गप्प झाला. त्या गप्प बसण्याचा मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! मी सुगंधाला हाक मारून चहा मागितला आणि तिने चक्क दिला.

मिथुनने अकरा दिवस कामात काडीची कसूर केली नाही. रोज सहा एकोणीसला हजर, आधी यंत्राला नमस्कार, मग अंगठा. पडद्यावर 'आजचे वॉचमन : मिथुन'. अकराव्या दिवशी, सोमवारी, तो सगळ्यांना हात जोडून गेला. त्याच्या पत्राची मुदत संपली आणि माझ्या प्रोग्रॅमने नियमानुसार त्याची नोंद पुसून टाकली. मला वाटलं होतं, मिथुन गेला की अंबादास आपोआप आपल्या जागेवर येईल. माणसं येतात. पण मिथुनला बसवताना मी अंबादासची पेटी खणातून उचलून फेकून दिली होती, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. खण मात्र अजूनही जिथे मिथुनची नोंद असायची तिथेच बोट दाखवत होता, आणि त्या मोकळ्या जागेत यंत्राने हर्षदभाईंची पडद्यावर लावायची नवी सूचना, 'लिफ्ट बंद आहे', ठेवून दिली होती.

त्या मंगळवारी अंबादास एसटीतून उतरून थेट गेटवर आला. रजा चार दिवस शिल्लक होती, पण मिथुनचं पत्र संपतंय म्हणून तो सपनाची पाठवणी अर्धवट टाकून निघाला होता. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात लग्नाच्या बुंदीचा डबा. सहा वीसला त्याने अंगठा ठेवला.

'ओळख पटली नाही.'

त्याने अंगठा शर्टाला पुसला, पुन्हा ठेवला. 'ओळख पटली नाही.' डावा ठेवून पाहिला. नळावर जाऊन हात धुवावे म्हटलं, तर नळाला पाणी नव्हतं. मला खाली बोलावलं तोवर पावणेसात झाले होते. मी यंत्र बंद करून चालू केलं, पडद्यावर पुन्हा 'लिफ्ट बंद आहे' हेच गृहस्थ वॉचमन. हाताने फिरवायच्या चकत्या हर्षदभाईंच्या कपाटात होत्या आणि हर्षदभाई देवळात. साडेसातला पालिकेचं पाणी आमच्या दारावरून मुकाट्याने निघून गेलं.

वरून बायका काय काय बोलत होत्या ते मी लिहीत नाही. मला टोचलं ते वेगळंच. अंबादास डबा तसाच हातात घेऊन माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "सायेब, काढलं असंल मला, तर तसं सांगायचं होतं ना. मी लग्नाला गेलोच नसतो."

"अरे, काढलं कुठे! यंत्राचा काहीतरी..."

"यंत्र तुमीच केलं ना सायेब?"

 

दुपारी टँकर आला आणि त्याच्या मागोमाग हर्षदभाई आमच्या घरी आले. सेक्युरिटी एजन्सीचं पत्र त्यांच्या ड्रॉवरमध्ये वर्षभर पडून होतंच. एजन्सीचे गणवेशातले गार्ड, तीन पाळ्या, रजेची भानगड नाही. "धुरीभाई, संध्याकाळी अर्जंट मीटिंग ठेवलीय. तुम्ही फक्त टेक्निकल रिपोर्ट द्या. दोन ओळी. 'वॉचमनचा अंगठा झिजल्यामुळे यंत्राला वाचता येत नाही.' एकोणीस वर्षं व्हॉल्व फिरवले, झिजला असेल पण! तुमचं नाव खराब नाही होणार, उपसमितीचं नाही होणार. अंबादासला आपण शाल देऊ, श्रीफळ देऊ."

खोटं कशाला बोलू, मला ते बरं वाटलं. मी कागद काढला, 'प्रति, मा. सेक्रेटरी' इथपर्यंत लिहिलंसुद्धा.

अपूर्वा अर्धी रजा टाकून घरी आली होती. घरात पाणी नसल्याने ऑफिसात जाऊन आंघोळ करणारी ही आमच्या खानदानातली पहिली मुलगी. तिने माझा कोड उघडला, एका ओळीवर थांबली आणि कपाळाला हात लावला. "बाबा! अनसेफ?"

"अंडरटेकिंग आहे ते," मी म्हटलं.

"कुणाच्या वतीने दिलंत?"

पलंगावर आमचे वडील बसले होते. लवू धुरी, वय सत्त्याऐंशी. लालबागच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते, त्यातली पहिली अकरा वर्षं बदली कामगार. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं. कुणी कायमचा गडी गैरहजर असला तर जॉबर, म्हणजे माणसं लावणारा मुकादम, आत घेणार, नाहीतर चालत घरी. कॉम्प्युटरबद्दल त्यांनी आजवर मला एकही प्रश्न विचारला नव्हता. त्या दिवशी विचारला.

"अंबादास रजेर गेलो, तेवा त्या मिथुनाक तू खय उभो केलंस?"

"अंबादासच्या जागी."

"ता बरोबर. आणि मस्टरात नाव खय लिवलंस?"

"त्याच्याच ओळीत. अंबादासचं काढून."

बाबांनी हातातली चहाची बशी खाली ठेवली. "मेल्या, ह्यां तर जॉबर करी. कायमवालो एक दिवस बदल्याच्या कामार उभो रवलो, तर कोणाचा काय जाता? पण कायमवाल्याच्या ओळीत बदल्याचा नाव लिवलंस, की बदली गेल्यार ती ओळच रिकामी. मगे कायमवालो गेटार येता आणि शिपाय इचारता, तू कोण? मस्टराची पेन्सिल दुसऱ्याच्या हातात देवची नाय, झिला. काम देवचा, पेन्सिल नाय."

अपूर्वा उभीच राहिली. "आजोबा, हेच इन्व्हेरियन्स! अगदी हेच!"

"तुमी काय तां नाव ठेवा," बाबा म्हणाले आणि त्यांनी पुन्हा बशी उचलली.

तीन महिने, वाढलेला चष्मा, सतरा वेळा तपासनीस. आणि आमच्या बाबांना ते अर्ध्या कप चहात कळलं. मला राग आला की नाही? आला. पण त्याहून जास्त शरम वाटली, कारण गेटवर 'तू कोण' हे ऐकून घेतलेला माणूस माझ्याच घरात बसला होता आणि मी खुर्चीत बसून 'अंगठा झिजला' असं लिहायला निघालो होतो. मी कागद फाडला.

संध्याकाळी सातला तळमजल्यावर अख्खी सोसायटी जमली. पाणी गेलं की आमच्याकडे कोरमचा प्रश्न येत नाही. अंबादास खांबाला टेकून उभा होता. हर्षदभाईंनी एजन्सीचं पत्र वाचून दाखवलं आणि म्हणाले, "आता उपसमितीचा रिपोर्ट."

मी उठलो. "अंबादासचा अंगठा ठणठणीत आहे. खण मी बिघडवला. त्याच्या कायमच्या जागेवर मी अकरा दिवसांचा माणूस लिहिला, आणि त्यासाठी त्याचं नाव पुसलं. यंत्राने त्याला ओळखलं नाही, कारण मीच त्याला यंत्रातून काढलं होतं."

मग मागून एक ओळखीचा आवाज आला. "त्या तपासनिसाने तुम्हाला सांगितलं नव्हतं का, असं करू नका म्हणून?"

सुगंधा! भर सभेत! स्वतःची बायको!

"सांगितलं होतं," मी म्हटलं.

"किती वेळा?"

"सतरा."

हशा पिकला. सुयोग सगळ्यांत मोठ्याने हसला, मग त्याला काहीतरी आठवलं असावं, तो मोबाइल कानाला लावून बाहेर गेला. त्या हशातच एजन्सीचं पत्र कुठल्या कुठे वाहून गेलं. हसून झाल्यावर कुणाला कामावरून काढायचा उत्साह राहत नाही. ठराव झाले: अंबादास कायम, प्रोग्रॅममध्ये बदलीचा वेगळा खण, चकत्या पुन्हा बसवायच्या, आणि तपासनीस ओरडला तर उपसमितीने ऐकायचं. शेवटचा ठराव अपूर्वाने मांडला आणि एकमताने मंजूर झाला. एकमतात माझाही हात होता, कारण सुगंधा बघत होती.

अंबादासला विचारलं, तुझं काही म्हणणं? तो म्हणाला, "माझी चार दिवस रजा बाकी हाय. पोरीला सासरी पोचवायचं राह्यलंय."

"जा ना, जा. पण मग बदली कोण?" हर्षदभाईंनी विचारलं. मिथुन गोदामावर रुजू झाला होता. सगळी सोसायटी माझ्याकडे बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बाबांनी मला स्वतः उठवलं. गॅलरीत खुर्ची टाकून बसले, मुलगा पाळीवर जातोय ते बघायला. खाली अंबादासने मला चकत्या दाखवल्या: ए विंगची साडेसात फेरे, बी विंगची आठ, आणि तिसरी फिरवताना खांदा लावायचा. सहा वीसला मी तिन्ही उघडल्या. घाम फुटला. पाण्याचा आवाज पाइपातून वर चढला, तेव्हा एकतीस वर्षांत मी केलेल्या कुठल्याच कामाचा असा आवाज झाला नव्हता, हे मला जाणवलं.

मग त्याने टेबलावर जुनी हजेरीची वही उघडली. स्वतःच्या ओळीत 'रजा' असं सावकाश लिहिलं. खाली पट्टीने नवी रेघ मारली, तिच्यात लिहिलं, 'बदली – श्यामकांत धुरी – चार दिवस', आणि मला सही करायला लावली. पिशवी उचलली. बुंदीचा डबा माझ्या हातात ठेवला.

"येतो सायेब. रविवारी हजर होतो."

"ये. सपनाला आशीर्वाद सांग. इथली काळजी करू नकोस, तुझी जागा कुठे जात नाही."

"व्हय," तो म्हणाला आणि निघाला. गेटपर्यंत गेला, थांबला, परत आला. वही उघडली, आपल्या ओळीवर बोट ठेवून नाव एकदा वाचलं, वही मिटली. मग माझ्याकडे न बघताच गेला.